पाटी बदलण्याआधी : मूळ रंगातल्या, रोज धावणाऱ्या गाड्यांची नोंदवही

19 जानेवारी 2025, पुणे

आजपासून नोंदवही सुरू. जुनी गाडी दिसली की थांबून बघायची सवय लहानपणापासूनची, पण आता कामाला मुदत आली आहे. 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदणी झालेल्या सगळ्या गाड्यांना राज्यात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, सक्तीची झाली आहे. तारीख आहे 31 मार्च. पाटी बदलणं रास्तच आहे. चोरीच्या गाड्यांचा प्रश्न खरा आहे आणि चारचाकीला 745 रुपये अधिक जीएसटी हा काही डोईजड खर्च नाही. पण कुणा पेंटरने तीस-चाळीस वर्षांपूर्वी ब्रशने रंगवलेल्या पाट्या यामुळे एकगठ्ठा उतरणार. त्या गाडीवर असतानाच टिपायला हव्यात.

काय धरायचं आणि काय सोडायचं, हे आधीच ठरवलं. गाडी किमान तीस वर्षांची. रंग कारखान्यातला, एखाद्या दाराला नंतर रंग लागला असेल तर चालेल, सगळी गाडी रंगवलेली नको. आरसी आणि पीयूसी चालू. आणि मालक तिने रोजची कामं करतो : मंडई, दवाखाना, दुकान, नातवंडांची शाळा. रविवारी कव्हर काढून एक चक्कर मारून परत झाकलेली गाडी यात नाही.

रिस्टोअर केलेल्या गाड्या मला आवडतात, त्यामागचे कष्टही मी जवळून पाहिले आहेत. पण त्यांची नोंद ठेवणारे पुष्कळ आहेत. रंग खरवडून पत्र्यापर्यंत गेलं, की गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाची होते आणि मधली चाळीस वर्षं पुसली जातात. मला ती मधली वर्षं हवी आहेत. कुणी दुरुस्त केली, कशाने केली, काय मिळालं नाही म्हणून काय बसवलं, हे सगळं पत्र्यावर आणि बॉनेटखाली लिहिलेलं असतं.

2 फेब्रुवारी, सदाशिव पेठ

पहिली नोंद आणि मनासारखी. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट, 1983, फिकट क्रीम. मालक निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे. रोज सकाळी बायकोला फिजिओथेरपीला नेतात. रिक्षात चढता-उतरताना काकूंचा गुडघा दुखतो, फियाटचं सीट मात्र त्यांच्या बरोबर उंचीचं आहे. गाडी टिकण्याचं याहून भक्कम कारण मी अजून ऐकलेलं नाही.

मूळ रंग ओळखायचा तर बॉनेट बघत बसू नये. दार उघडून चौकट बघावी. नंतर रंग मारलेल्या गाडीत रबरी बीडिंगच्या कडेवर फवाऱ्याचा रंग हमखास सापडतो, कारण बीडिंग काढून रंगवणं वेळखाऊ असतं. इथे बीडिंग काळीभोर, कडा स्वच्छ. डिकीत रबरी मॅटखाली तोच क्रीम रंग, पण उन्हापासून वाचलेला, त्यामुळे बाहेरच्यापेक्षा गडद. बॉनेटच्या पुढच्या कडेला वर्षानुवर्षं फडकं फिरून रंग इतका पातळ झालाय की खालचा प्रायमर दिसतो. ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या काठावर हाताएवढा पट्टा गुळगुळीत, चमक गेलेला. काका खिडकीत कोपर ठेवून चालवतात. सोबत आलेल्या माझ्या भाच्याने त्या पट्ट्याचे फोटो वेगवेगळ्या उजेडात काढले.

पाटी काळी, अक्षरं पांढरी, जुनी तीन अक्षरी मालिका. खासगी गाडीची पाटी तेव्हा अशीच असायची; पांढऱ्यावर काळं नंतर आलं. आकड्यांपैकी चारच्या टोकाला पेंटरने जरासा बाक दिला आहे. जवळून पाहिलं तर ब्रशच्या रेषा मोजता येतात.

गियर स्टेअरिंगला. पहिल्याला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गियर अलगद पाडणारी सोय, नाही, म्हणून सिग्नलला गाडी पूर्ण थांबल्याशिवाय काका पहिला टाकत नाहीत. मला शेजारी बसवून लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून नेलं आणि एकदाही कर्रकन आवाज आला नाही. 1089 सीसीचं ते इंजिन, सॉलेक्सचा कार्बोरेटर. सकाळी चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, मिनिटभराने चोक आत. यात काही विशेष आहे असं त्यांना वाटत नाही. "अगं, मिक्सरसुद्धा आधी बटण दाबल्याशिवाय चालत नाही," म्हणाले.

कपाटातून बुकिंगची पावती काढून दाखवली. फियाटचा नंबर लागायला तेव्हा वर्षानुवर्षं थांबावं लागे. गाडी दारात आली तेव्हा धाकटी मुलगी शाळेत जायला लागली होती, असं काकूंनी सांगितलं.

23 फेब्रुवारी

कोथरूडमध्ये एक अँबॅसिडर, बिबवेवाडीत एक पद्मिनी. दोन्ही सुंदर, दोन्ही नव्याने रंगवलेल्या. नोंद नाही.

15 मार्च, कुर्ला

मुंबईला सकाळच्या गाडीने. पद्मिनीची गोष्ट करायची आणि कुर्ल्याला जायचं नाही, हे बरं दिसलं नसतं. वालचंद हिराचंदांच्या पुढाकाराने 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि तिचा कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. आधी डॉज, प्लिमथ आणि फार्गोचे ट्रक, मग फियाटशी करार. लोक जिला अजूनही डुक्कर फियाट म्हणतात ती पन्नासच्या दशकातली 1100, पुढची दारं उलट्या बाजूने उघडणारी. मग 1964 ची डिलाइट, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी. ढाचा तोच राहिला, बिल्ले बदलत गेले. म्हणून 1966 च्या गाडीला 1990 च्या गाडीचे कितीतरी भाग बसतात. या गाड्या अजून रस्त्यावर का आहेत, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं अर्धं उत्तर सीएसटी रोडच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळालं. चाळीस वर्षं फियाटचाच माल विकणारे एक चाचा म्हणाले, फियाटला टॅक्सीवाल्यांनी जगवलं. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी हजारोंनी होत्या. त्यांना रोज क्लच प्लेट, किंगपिन, वॉटर पंप, ब्रेकचे रबर लागत. रोजचा खप होता म्हणून लहान-मोठे कारखाने ते बनवत राहिले आणि खासगी मालकांना तोच माल स्वस्तात मिळे. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आली आणि ऑक्टोबर 2023 च्या अखेरीला शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली. आता रबराच्या वस्तू जुन्या साठ्यातून निघतात, आणि साठ्यात पडून राहिलेलं रबर कडक होतं. खासगी गाडीला महाराष्ट्रात अशी सरसकट वयोमर्यादा नाही, पण मालाचा झरा आटला की कायद्याने दिलेली सवलतही अपुरी पडते.

चाचांनी ड्रॉवरमधून पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचेचा खिटका काढून दाखवला. पितळी, जड, वर क्रोमियम. नंतरच्या वर्षांतला तोच खिटका हलक्या मिश्रधातूचा आणि हमखास मोडणारा. दोन्ही हातात धरले की वजनातला फरक कळतो. पितळी विकत घेतला; सदाशिव पेठेतल्या काकांच्या डाव्या दाराचा मोडलेला आहे.

परतताना दादर पारशी कॉलनीत उतरले. अपेक्षेप्रमाणे एक मिळाली : हिरवट राखाडी डिलाइट, साठच्या दशकातली, मालकीणबाईंच्या वडिलांची. बाई रोज तिनेच लेडी जहांगीर रोडवरून भाजी आणि मग अग्यारीत जातात. आत आल्यागेल्यासाठी एक नियम आहे, दार आपटायचं नाही. "हळू लाव, बेटा, ते आपोआप बसतं." खरंच बसलं.

30 मार्च, गुढीपाडवा

एचएसआरपीची मुदत वाढली. हायसं वाटलं. आज घरचेच कार्यक्रम. संध्याकाळी फक्त फोटो लावून ठेवले.

27 एप्रिल, वाई

आज नियमाचीच परीक्षा झाली. एका डॉक्टरांची अँबॅसिडर मार्क फोर, 1986, मूळ पांढरा रंग, खालच्या बाजूला मातीने पिवळसर झालेला. ऐन उमेदीत आसपासच्या गावांत रात्री-अपरात्री याच गाडीने गेले. आता दवाखाना मुलाकडे आणि गाडी शेतावर जायला. मागच्या सीटवर खताची पोती ठेवायला जाड ताडपत्री कायमची अंथरलेली.

बॉनेट उघडलं तर आत मूळचं 1489 सीसी पेट्रोल इंजिन नाही. आकुर्डीच्या बजाज टेंपोच्या मॅटाडोरचं डिझेल इंजिन. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पेट्रोल आणि डिझेलच्या दरात मोठं अंतर होतं, त्यामुळे अँबॅसिडरमध्ये डिझेल इंजिन बसवणं हा त्या काळच्या गॅरेजवाल्यांचा नेहमीचा धंदा होता. हे काम साताऱ्यातल्या एका मिस्त्रींनी केलं. इंजिन जड, म्हणून पुढे वाढीव आधार वेल्ड केलेत. वेल्डिंग इतकं नेटकं की हात फिरवला तरी खडबड लागत नाही. आरसीवर इंजिन बदलाची रीतसर नोंद आहे.

भाचा म्हणाला, मावशी, ही मूळ स्थितीतली नाही, बाद कर. रस्ताभर आमचं यावर बोलणं झालं. माझं म्हणणं असं, की गाडी कामावर असताना, कामासाठीच झालेला बदल हा तिच्या मूळ आयुष्याचाच भाग आहे. हौसेसाठी आज बसवलेलं नवं इंजिन आणि पेट्रोल परवडेना म्हणून 1992 साली बसवलेलं मॅटाडोरचं इंजिन यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. नियमात भर : बदल वापरातून आलेला असावा, जुना असावा आणि आरसीवर असावा. अँबॅसिडर घेतली.

डॉक्टरांच्या डॅशबोर्डवर एक जुनी स्टेथोस्कोपची नळी आहे. वायपरच्या पाण्याची नळी म्हणून बसवलेली. अजून गळत नाही.

12 जुलै, कोल्हापूर

धो-धो पाऊस. शिवाजी उद्यमनगरात कामाच्या दिवशी यायचं होतं, कारण इथला मिस्त्री गाडीच्या खाली असतानाच नीट बोलतो. कोल्हापूरला ओतकाम आणि लेथचं काम पिढीजात आहे. बाजारात मिळत नाही तो भाग करून घ्यायला सांगली-बेळगावहून लोक इथे येतात. एका पद्मिनीचे पुढचे बुश, म्हणजे सांध्यात बसणारी कडी, इथे गनमेटलमध्ये खरादले जात होते. मूळ भागापेक्षा हे जास्त टिकतील, असं मिस्त्रींचं मत, आणि मला ते पटलं.

गाडी मात्र आली होती वेगळ्याच दुखण्याने. चढावर दम तोडायची, उतारावर ठीक. कारण वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. देशभर आता तेच मिळतं. मिस्त्रींनी इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप उघडून आतला पडदा, म्हणजे डायफ्राम, हातावर ठेवला : कडेला फुगलेला, मधे चिकट. इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाच्या गॅस्केटला मऊ करतं, हवेतला ओलावा ओढतं, आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, आणून बसवतं. शिवाय त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं.

"ताई, गाडी म्हातारी न्हाई, तिचं खाणं बदललंय. आपण पोट सांभाळायचं," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी केलेलं काम नोंदवते, कारण बाकीच्या मालकांना उपयोगी पडेल. टाकी उतरवून धुतली. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या टाकल्या. पंपाचा डायफ्रामही तसलाच. टाकी आणि पंपाच्या मधे काचेचा फिल्टर, म्हणजे कचरा डोळ्यांना दिसतो. मेन जेट एक माप मोठा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मालकाला ताकीद : टाकी अर्धी ठेवून महिनाभर उभी करायची नाही, रोज चालवायची. पेट्रोल नवं राहिलं की पाणी साठायला वेळच मिळत नाही.

ही ताकीद मी या वर्षभरात सगळीकडे ऐकते आहे, वेगवेगळ्या शब्दांत. उभ्या गाडीच्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे रबर चिकटतात, कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उडून डिंक उरतो, बॅटरी बसते, टायर एका जागी चपटे होतात. रोज दहा किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या मालकाला यातलं काहीच माहीत नसतं, कारण त्याच्यावर ही वेळच येत नाही.

इथली नोंद : पद्मिनी, 1989, मूळ निळा. मालक कापडाचे व्यापारी, रोज दुकान ते घर. पाटीवर आकडे मराठीत. पोलिसांनी दंड केला म्हणून त्यांनी खाली इंग्रजी आकड्यांची दुसरी छोटी पाटी लावली, पण वरची काढली नाही.

24 ऑगस्ट, पुणे

या आठवड्यात केंद्राची नवी अधिसूचना आली. वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 10,000 रुपये झालं. 1 एप्रिल 2022 ला ते 600 वरून 5,000 झालं होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे करावं लागतं, वर पर्यावरण कर वेगळा. नोंदवहीतल्या मालकांना फोन केले. सगळे भरणार आहेत. पण पेन्शनवरच्या माणसाला ही रक्कम जाणवते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

यातच एक पेच आहे, तो नीट मांडते. जुलै 2021 पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत. पाटीवर व्हीए ही अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला 5,000. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठी फेरफार नसावी. म्हणजे मी शोधते आहे नेमक्या तशाच गाड्या. पण त्याच नियमात पुढे म्हटलंय, की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच.

पद्मिनी 1974 ची. त्यामुळे पहिल्या पद्मिनी गेल्या वर्षापासून पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत. त्यांच्या मालकांपुढे दोन वाटा आहेत. वारसा म्हणून मान घ्यायचा आणि गाडी उभी करायची. किंवा रोज चालवायची आणि इतर कुठल्याही जुन्या गाडीसारखं दर पाच वर्षांनी वाढीव शुल्क भरायचं. मूळ स्थितीत असलेली आणि रोज चालणारी गाडी असा तिसरा प्रकार नियमांत नाही. माझ्या मते तो हवा. वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा घाला, दरवर्षी ब्रेक आणि धुराची कडक तपासणी घ्या, त्याला कुणाची ना नाही. माझ्या नोंदवहीतली प्रत्येक गाडी पीयूसीत पास आहे. जुन्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे आणि नीट ट्यून केलेली पद्मिनी त्याच्या आत राहते. पण वापरालाच जपणूक मानणारी एक तरतूद असायला हवी. हे निवेदन मराठीत आणि इंग्रजीत लिहून परिवहन खात्याला पाठवायचं ठरवलं आहे. मसुदा निम्मा झाला.

एचएसआरपीची मुदत 30 जून, मग 15 ऑगस्ट आणि आता 30 नोव्हेंबर.

2 ऑक्टोबर, दसरा

वर्षातला सगळ्यात चांगला दिवस. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून दारात उभी असते आणि मालक बाहेरच असतो, बोलायला उत्सुक. पहाटे निघालो ते नाना पेठ, भवानी पेठ, कॅम्प असं करत दुपारी औंधला पोचलो.

कॅम्पात अनपेक्षित लाभ झाला : स्टँडर्ड हेराल्ड मार्क थ्री, चार दारांची. चार दारांची हेराल्ड फक्त भारतात बनली, मद्रासला, आणि हेराल्डचं उत्पादन 1971 ला संपलं. मूळ रंग गडद हिरवा, छतावर उन्हाने पिठूळ झालेला. मालक पियानो दुरुस्त करतात, हत्यारांची पेटी घेऊन याच गाडीने गिऱ्हाइकांकडे जातात. त्यांनी मडगार्डसकट सगळा पुढचा भाग पुढे कलता करून उघडला आणि टायरवर बसून प्लग बदलून दाखवले. या गाडीची ही सोय आजच्या कुठल्या गाडीत आहे? सस्पेन्शनचे पाटे त्यांनी सांगलीत बनवून घेतलेत. गाडी इतक्या लहान वर्तुळात वळते की समोरच्या बोळात एका दमात फिरवली आणि आम्ही दोघांनीही टाळ्या वाजवल्या.

भवानी पेठेत एका भंगारवाल्याच्या दारात 1978 ची अँबॅसिडर मार्क थ्री, हार घातलेली. त्याच्याकडे रोज गाड्या तोडायला येतात, पण ही त्याच्या वडिलांची आणि तो स्वतः हिनेच फिरतो. तोडायला आलेल्या अँबॅसिडरमधून चांगले भाग हिच्यासाठी बाजूला काढतो. अँबॅसिडर बनवणारा, बंगालमधल्या उत्तरपाड्याचा कारखाना मे 2014 मध्ये थांबला. तेव्हापासून हा माणूस नियमाने साठा करतोय. पुण्यातल्या बाकीच्या अँबॅसिडरवाल्यांना हवं ते देईन म्हणाला. त्याचा नंबर सगळ्या मालकांना पाठवला, त्याची परवानगी घेऊनच.

मी आपट्याची पानं बॉनेटवर ठेवली, सोनं घ्या म्हणाले.

16 नोव्हेंबर

मुदत तोंडावर आली आणि बहुतेकांनी पाटी बदलली. डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, उठावदार अक्षरं, स्नॅप लॉक. उतरवलेल्या पाट्यांचं काय करायचं, हे मालकांशी बोलून ठरवलं : जुनी पाटी गाडीला परत लावायची नाही, कुणाला द्यायची नाही, कारण नंबरचा गैरवापर होऊ शकतो. ज्यांना ठेवायची आहे त्यांनी एका कोपऱ्यात आरपार भोक पाडून, आरसीच्या प्रतीसोबत घरात ठेवावी. पाट्यांच्या फोटोंत नंबरचा काही भाग झाकूनच नोंदवहीत लावते आहे. अक्षराचं वळण दिसलं की माझं काम झालं.

निवेदन गेलं. सोबत प्रत्येक गाडीचं एक पान : साल, रंग, वापर, बदल, शेवटची दुरुस्ती कुठे झाली.

पुढचं काम मडगावचं. तिथे एका बेकरीवाल्यांकडे फियाट सुपर सिलेक्ट आहे, पहाटे पाव पोचवायला वापरतात, असं हेराल्डवाल्यांनी सांगितलं. फोनवर बोलणं झालं. गाडी पहाटे चारला निघते, त्यामुळे भाच्याला जास्त उजेड पकडणारी लेन्स भाड्याने घ्यावी लागेल. कोल्हापूरच्या मिस्त्रींनी बेकरीवाल्यांसाठी पंपाचे डायफ्राम बांधून दिले आहेत, ते जाताना घेऊन जायचे.